रविवारी बाबा येत नसत

बाबांचं जाणं वैभवीनं धीरानं घेतलं होतं. त्यांचं परत येणं मात्र तिला झेपेना.

फेब्रुवारीतला एक मंगळवार. लंडनच्या क्रॉयडनमध्ये वँडल पार्कच्या ट्रॅमथांब्याजवळ बाकावर ती बसली होती, आणि एकदम तो वास आला. मेणबत्ती चिमटीत धरून विझवली की जो बारीक धूर सुटतो, त्याचा वास. तिनं दचकून मागं पाहिलं. मागं एक बाई हट्टी कुत्र्याला ओढत होती, बाकी कोणी नाही. स्लाऊच्या घरात रोज संध्याकाळी वंदना झाली की बाबा बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती अशीच विझवायचे, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत. फुंकर मारायची नाही, हा हरिदास मेश्रामांचा दंडक. नोव्हेंबरात ते गेले, त्या संध्याकाळी ती मेणबत्ती वैभवीनं विझवली होती. सवय नसल्यानं बोट भाजलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर तोच वास. तिसऱ्या दिवशीही. दुपारी साडेबाराच्या सुमारास यायचा, पाच-सात मिनिटं रेंगाळायचा, जायचा. पहिल्या आठवड्यात तिला भीती वाटली. दुसऱ्या आठवड्यात तिनं बाकावरची पर्स उचलून मांडीवर घ्यायला सुरुवात केली, शेजारी जागा व्हावी म्हणून. आणि तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट तिच्या लक्षात आली, तशी तिची उरलीसुरली शंकाही फिटली. रविवारी बाबा येत नसत. बरोबरच होतं. हयातभर त्यांचा रविवार विहारासाठी राखलेला. एकुलत्या एक लेकीचं ग्रॅज्युएशन रविवारी असतं, तर तेही त्यांनी चुकवलं असतं.

आता तिच्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण सगळी मेख तिथंच आहे. वैभवी हॅदर्ली अँड क्रो नावाच्या जुन्या कंपनीत पोर्ट चाखायचं काम करायची. पोर्ट म्हणजे पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली गोड, कडक वाइन. द्राक्षं तिकडची, मालक इकडचे. इंग्रजांचं हे तंत्र आपल्याला नवं नाही. बहुतेक वर्षांची वाइन एकमेकांत मिसळून विकली जाते. पण दहा वर्षांत दोन-तीनदा असं पीक येतं की म्हणावंसं वाटतं, हे कशात मिसळायचं नाही, याला याच्या वर्षाच्या नावानं बाटलीत भरायचं. याला म्हणतात वर्ष जाहीर करणं. द्राक्षं खुडल्यावर दुसऱ्या वसंतापर्यंत थांबायचं, पुन्हा पुन्हा चाखायचं, आणि एप्रिलच्या तेवीस तारखेला, सेंट जॉर्जच्या दिवशी, सांगून टाकायचं. ती बाटली मग तीस-चाळीस वर्षं तळघरात पडून राहते. म्हणजे निर्णय चुकला, तर तो कळेपर्यंत निर्णय घेणारे बहुधा वर गेलेले असतात. असा बिनघोर धंदा दुसरा नसेल. पण मिस्टर एडमंड हॅदर्ली बिनघोर नव्हते. पंच्याहत्तरीला टेकलेला हा गृहस्थ एखाद्या वर्षाला ‘नाही’ म्हटल्यावर आठवडाभर सुतक पाळल्यासारखा वावरायचा.

क्रॉयडनच्या ऑफिसात सर्वांत वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीपाशी, तिघं चाखायला बसत: हॅदर्ली, वेल्समधून आलेली पन्नाशीची ग्वेन, आणि वैभवी. तिघांचा होकार लागे. एकाचा नकार आला की विषय संपला, कारण विचारायचं नाही. भिंतीवर आजवर जाहीर केलेल्या वर्षांची पत्रं चौकटीत लावलेली, प्रत्येकाखाली तीन सह्या. अकरा वर्षं वैभवी त्या भिंतीकडे बघत आली होती. मेश्राम हे नाव तिथं अजून नव्हतं. आधीचा तिसरा चाखणारा गेल्या वर्षी निवृत्त झाला आणि ती खुर्ची तिला मिळाली होती.

आणि बाबा? पंचशीलाचं पाचवं शील घोटून घोटून मुरलेला माणूस. मद्य नाही, त्याचा स्पर्श नाही, त्याचं कौतुक नाही. त्यांचे स्वतःचे वडील बाटलीपायी गेलेले. लेकीला ही नोकरी लागली तेव्हा दोन दिवस ते बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “मला सगळं समजावून सांग.”

“बाबा, मी पीत नाही. तोंडात घेते, फिरवते, मग थुंकते. सगळे टेस्टर थुंकतात. माझी जॉब तशीच आहे.”

“माझा जॉब,” बाबांनी दुरुस्त केलं. “कधीच गिळायचं नाही?”

“नेव्हर. प्रॉमिस.”

तेव्हापासून फोनवर इतरांचे बाप “जेवलीस का?” विचारतात, तसं हे विचारायचे, “थुंकतेस ना?” अकरा वर्षं. हॉस्पिटलात नाकाला नळी लावलेली असतानाही विचारलं होतं. आणि वैभवीनं तो शब्द पाळला होता. हॅदर्ली आणि ग्वेनसुद्धा थुंकत, पण चवीचा शेवट कळावा म्हणून अधूनमधून एखादा घोट पोटात जाऊ देत. ती कधीच नाही.

यंदाच्या नमुन्यांत चार नंबर म्हणजे सोनं होतं. वरच्या चढावरच्या मळ्यातली वाइन: काळीभोर, जांभळीच्या फुलांच्या वासाची, तोंडात धरली की जिभेला धरून बसणारी. तिच्याशिवाय बाकीचे नमुने नुसतेच बरे. ती असेल तर वर्ष जाहीर करायचं, नसेल तर नाही, इतकं साधं गणित. हॅदर्लींनी तर पत्राचा मसुदाही करून ठेवला होता. “हे माझं शेवटचं वर्ष,” ते म्हणत, आणि ग्वेन खिडकीबाहेर बघे, कारण डॉक्टरांनी त्यांना काय सांगितलंय ते तिला माहीत होतं. एकच बारीक कुसळ होतं. ती द्राक्षं वेलीवर असताना, ऑगस्टमध्ये, डोंगरापलीकडे जंगल पेटलं होतं आणि तीन दिवस धूर खोऱ्यात बसून होता. पण प्रयोगशाळेनं वाइन तपासून निर्वाळा दिला: काही नाही. ग्लासातही काही नव्हतं. वैभवीनं शंभरदा हुंगून पाहिलं होतं.

मार्चच्या शेवटी एका रविवारी तिनं केंब्रिजला प्रज्ञेशला फोन केला. हा तिचा चुलतभाऊ, रसायनशास्त्रात संशोधन करणारा, घरातला एकमेव माणूस ज्याला असलं काही सांगितलं तरी तो लगेच डॉक्टरचं नाव सुचवणार नाही.

“प्रज्ञेश, हसू नको. मला बाबांची वास येते. कँडल विझवल्यासारखी. रोज.”

तो हसला नाही. “रोज म्हणजे केव्हा?”

“लंचच्या आधी. पार्कमध्ये. संडेला नाही येत. ही वॉज ऑल्वेज ॲट द विहार ऑन संडे, आठवतं ना?”

“आठवतं. वैभवी, टेस्टिंग कधी करता तुम्ही?”

“सकाळी. सव्वाबारापर्यंत. बेस्ट सँपल शेवटी. सीझनमध्ये सॅटर्डेलापण.”

“म्हणजे फक्त रविवारी नाही.”

वैभवीला त्या क्षणी फोन ठेवून द्यावासा वाटला, पण तिनं ठेवला नाही, आणि मग ऐकावं लागलं.

“बघ, तिकडच्या जंगलाच्या आगीचं तूच सांगितलं होतंस. धूर द्राक्षात शिरला की साखरेला चिकटून बसतो,” प्रज्ञेश अगदी हळू बोलत होता. “मग त्याला वासच नसतो. लॅबनं साधी टेस्ट केली असेल तर सापडणार नाही. पण तोंडातल्या लाळेनं तो सुटतो, हळूहळू, मिनिटांनी. तुम्ही लोक टेस्ट केल्यावर काय करता?”

“ते दोघं पाणी पितात. क्रॅकर्स, चीज, मग लंच. मी... मी काही खात नाही. माझं तोंड मी तसंच ठेवते. नोट्स आठवाव्यात म्हणून.”

“आणि बाटलीत ठेवलं, तर वर्षानुवर्षं तो आपोआप सुटत जातो. वीस वर्षांनी उघडलं की राख. आय ॲम सॉरी, वैभवी. खरंच.”

“तुला काय माहीत माझे बाबा!” ती ओरडली आणि तेव्हा कुठं तिनं फोन ठेवला.

पण मनात किडा शिरला तो शिरलाच. सोमवारी तिनं चार नंबरचा ग्लास नुसता फिरवला, तोंडाला लावला नाही, वहीत आधीचंच टिपण उतरवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती कामात खोटं बोलली. पार्कात एक वाजेपर्यंत बसली. कोणी आलं नाही. मंगळवारी तिनं चार नंबर चाखला, आणि साडेबाराला बाबा वेळेवर हजर.

शहाण्या माणसानं उठून सरळ हॅदर्लींना जाऊन सांगितलं असतं. वैभवी तीन आठवडे गप्प बसली. याला कोणी लबाडी म्हणेल, म्हणो बापडं. सांगितलं की चार नंबर गेला, आणि चार नंबर गेला की बाबा गेले. उलट न सांगता होकार दिला तर? भिंतीवर मेश्राम नाव लागेल. हॅदर्ली सुखानं डोळे मिटतील. आणि बाबा सहा हजार बाटल्यांत भरून तळघरांत जातील, चाळीस वर्षं अंधारात पडून राहतील, आणि मग कुठल्या तरी परक्या मेजवानीत, पोर्टच्या रिवाजाप्रमाणे डाव्या हाताला बाटली सरकवत बसलेल्या लोकांच्या तोंडात एकेक करून सुटतील. या विचारानं तिच्या अंगावर काटा यायचा, आणि त्याच विचारानं बरंही वाटायचं. रात्री स्वप्नात तिला त्या बाटल्या दिसत. आडव्या, ओळीनं ठेवलेल्या. प्रत्येकीतून एकच प्रश्न.

बावीस एप्रिलला सकाळी हॅदर्ली नवा टाय लावून आले. पत्र टेबलावर होतं, शेजारी पेन. तिघांनी शेवटचं चाखलं. “ग्वेन?” ते म्हणाले.

“हो,” ग्वेन म्हणाली आणि सवयीनं पाण्याच्या ग्लासाकडे तिचा हात गेला.

“वैभवी?”

वैभवीनं पत्राकडे पाहिलं. तिसऱ्या सहीची जागा कोरी होती. तोंडात चार नंबरची गोडी अजून होती, आणि तिच्यामागं, अजून यायचं असलेलं, ते दुसरं. बाबा असते तर त्यांनी काय केलं असतं, हे तिला विचारायची गरजच नव्हती. विहाराच्या वर्गणीत कोणी चुकून पाच पौंड जास्त टाकले, तर बस पकडून परत द्यायला जाणारा माणूस तो.

“ग्वेन, पाणी पिऊ नका,” ती म्हणाली. “बिस्किटही नको. आपण पाच मिनिटं नुसतं बसायचं.”

“कशासाठी?” हॅदर्लींनी विचारलं.

“ते मी आत्ता सांगितलं तर तुम्हाला आपोआप वास येईल. म्हणून सांगत नाही.”

तिघं बसली. खाली ट्रॅम गेली, दुसरी गेली. तिसऱ्या मिनिटाला ग्वेननं ओठ मिटले. चौथ्याला तिचा चेहरा उतरला. “विझलेली चूल,” ती पुटपुटली. “अरे देवा. विझलेली चूल.”

हॅदर्ली जीभ टाळूला लावून बराच वेळ शोधत राहिले. “मला नाही येत,” शेवटी ते म्हणाले. “पण तुम्हा दोघींची तोंडं मला दिसतायत.” त्यांनी पत्राची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि टायची गाठ सैल केली. मग वैभवीला म्हणाले, “नियमाप्रमाणे कारण विचारायचं नसतं. एकच विचारतो. तुला कधीपासून माहीत होतं?”

“तीन आठवड्यांपासून.”

“मग इतके दिवस का थांबलीस?”

“कोणी तरी जाणार होतं,” ती म्हणाली. त्यांनी पुढं विचारलं नाही. वय झालेल्या माणसाला काही गोष्टी न सांगता कळतात.

नमुने ओतून टाकायचं काम धाकट्याचं. वैभवीनं सगळे ओतले. चार नंबरच्या बाटलीत अर्धी वाइन शिल्लक होती, तिला बूच लावून ती पर्समध्ये टाकली. कोणी पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी काही म्हटलं नसतं.

घरी पोचली तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. तिनं बाटली ओट्यावर ठेवली, शेजारी ग्लास ठेवला, आणि हिशेब करू लागली. रोज एक घोट घेतला तर महिनाभर पुरेल. जपून घेतला तर जूनपर्यंत. थुंकला तर पाच मिनिटं, पण गिळला तर कदाचित जास्त वेळ...

तिथं ती थबकली. तिला आजोबा आठवले. तिनं त्यांना पाहिलेलं नव्हतं. बाबांच्या तोंडून ऐकलेलं तेवढंच. आजी गेली आणि आजोबा बाटलीला लागले. दोन वर्षांत संपले. “काय मिळत होतं त्यांना त्यात, मला आजवर कळलं नाही,” बाबा म्हणायचे, आणि त्यांच्या आवाजात चाळीस वर्षांनीही राग असायचा.

वैभवीला कळलं. आजोबांना आजी भेटत असणार.

तिनं बूच काढलं आणि बाटली सिंकमध्ये उपडी केली. काळीभोर वाइन गोल फिरत गेली. वास आला तो फक्त जांभळीच्या फुलांचा. धुराचा येणारच नव्हता, त्याला माणसाचं तोंड लागतं. तिनं नळ सोडला आणि पाणी स्वच्छ होईस्तोवर वाहू दिला. मग चूळ भरली. एकदा, दोनदा, तीनदा.

“थुंकले, बाबा,” ती मोठ्यानं म्हणाली, आणि ओट्याला धरून रडली. नोव्हेंबरात रडली नव्हती तेवढी.

संध्याकाळी तिनं बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावली. वंदना म्हटली, पाचवं शील न अडखळता म्हटलं. मग विझवायची वेळ आली आणि तिनं चिमूट पुढं केली, पण ज्योतीजवळ नेऊन तशीच मागं घेतली. मेणबत्ती आपोआप संपेपर्यंत ती तिथंच बसून राहिली.