जागेवरून उठायचं नाही

"म्याडम, बाकी समदं ठेवा, पण लेकरांना जागेवरून उठू नका असं म्हणू नका," व्यंकटराव सर म्हणाले होते.

कार्यशाळेच्या तयारीसाठी आम्ही तिघं ऑनलाईन जमलो होतो. क्लास लातूरचा. सर तिथं फिजिक्स शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी किल्लारीच्या घरी असतात. तांत्रिक बाजू सांभाळणारी राजश्री लातूरच्या ऑफिसात, आणि कार्यशाळा घेणारी मी नांदेडला, मांडीवर दोन वर्षांचा अनिमेष.

"सर, परीक्षेत मधेच उठतं का कुणी?"

"परीक्षेचं न्हाई ओ. हाक आली तर उठता आलं पायजे माणसाला. त्र्याण्णवला चुलत्यानं हाक मारली म्हणून मी तुमच्याम्होरं हाय."

"तुम्ही प्रत्येक गोष्टीत भूकंप आणता, सर."

"हाव, ते बी खरंच," म्हणून ते हसले. विषय तिथंच संपला.

नीट परीक्षेच्या पोरांना सलग तीन तास बसायची सवय लावणं, हे आमच्या रविवारच्या कार्यशाळेचं काम. मोबाईल वहीवर रोखलेला, पडद्यावर फक्त हात दिसायचे. उठलं की पेपर बाद. मागं एकदा कुणाच्या तरी अंगणात म्हशीवरून भांडण जुंपलं आणि ते सगळ्या पोरांनी मन लावून ऐकलं. तेव्हापासून सगळ्यांचे आवाज बंद, सरांचासुद्धा. आणि ते चालू करायची सोय फक्त माझ्याकडं. पालक खूश होते. एक आई फोनवर म्हणाली, "म्याडम, पोरगी आता जेवायला बी उठंना बगा!" मी ते कौतुक म्हणूनच घेतलं.

त्या रविवारी पेपर सुरू होता. आधी ओट्यावरची भांडी किणकिणली. मग खिडकीची तावदानं. मग माझ्या पायाखालची फरशी.

अनिमेषला उचलून मी जिना कसा उतरले ते आठवत नाही. खाली शेजारपाजार गोळा झालेला. कुणी म्हणत होतं, "दुसरा येतो, आत जाऊ नका." मोबाईल मुठीत तसाच होता. पडद्याकडं बघितलं.

पोरं लिहीत होती. दोन-चार चौकोनांत नुसत्या वह्या होत्या, बाकी सगळीकडं हात. एका चौकोनात पाण्याची बाटली गडगडत गेली, त्या हातानं ती अडवली आणि पुन्हा पेन धरलं. सरांचा चौकोन मात्र वेडावल्यासारखा झाला होता. ते टॉवेल फिरवत होते, तोंड उघडत होते, गळ्याच्या शिरा ताठ झालेल्या. आवाज नाही. किती वेळ ओरडत होते, कोण जाणे.

अनिमेष रडत मोबाईल ओढत होता. सगळ्यांचे आवाज चालू करायच्या बटणावर बोट नेमकं लागेना. लागलं तेव्हा सरांचा शब्द अर्ध्यातून आला:

"...ठा रे! भाईर पळा! पेपर गेला खड्ड्यात!"

हात नाहीसे होऊ लागले. खुर्च्या सरकल्याचे, दारं आपटल्याचे, कुणाच्या तरी आजीचे आवाज. शेवटी एकच हात उरला. दिपालीचा. किनवटकडची पोरगी, लातुरात तिसऱ्या मजल्यावर एकटीच खोली करून राहणारी.

"दिपाली! बाळा, ऊठ!" मी ओरडले. सर ओरडले. हात लिहीतच राहिला.

"ताई, ती मोबाईलचा आवाज बंद करून बसती," राजश्री रडवेली झाली होती. "मी घरमालकिणीला फोन लावते."

मी लेकराला छातीशी आवळून त्या हाताकडं बघत राहिले. आता जमीन पुन्हा हलली तर तेही मला इथूनच दिसणार होतं.

मग हिरव्या बांगड्यांचा दुसरा हात आला आणि त्या लिहित्या हातावर पडला. घरमालकीण कमलम्मा धापा टाकत होत्या. "अय्यो, येडी का गं तू? समदी गल्ली खाली हाय अन् तू लिहूनच राहिली?"

"काकू, थोडंच राह्यलंय. उठलं की बाद होतंय."

कमलम्मांनी तिला ओढलं, तेव्हा पेन हातातच होतं.

त्या दिवशी कुणाचं काही पडलं नाही. संध्याकाळी सरांचा फोन आला. मी ऐकून घ्यायच्या तयारीत होते. ते एवढंच म्हणाले, "तुमचं लेकरू भेलं न्हाई न?"

आता आवाज तिघांच्याही ताब्यात आहे. पेपर मधेच थांबवून आम्ही सगळ्यांना उठवतो, दारापर्यंत जाऊन यायला लावतो. पोरं हसतात, चेष्टा करतात, पण उठतात.

मी दिपालीला विचारलं होतं, "हललेलं तुला कळलंच नाही का गं?"

"कळलं की, म्याडम," ती म्हणाली. "तवाच कळलं होतं."

हे मी तिच्या वडिलांना सांगितलं. धम्मानंदभाऊ म्हणाले, "अभ्यासू हाय ती पहिल्यापासून." अजूनही सगळे हात उठतात, तेव्हा एक हात वहीवरच असतो. मी फोन करते. ती म्हणते, "बरी हाय म्याडम, उठते की." मी नांदेडला, सर रविवारचे किल्लारीला, राजश्री पेपर संपेपर्यंत ऑफिसात अडकलेली. कमलम्मा गावी गेल्यात.

तुम्ही लातुरात राहत असाल आणि तुमच्या जिन्यावर, वरच्या खोलीत अशी एखादी पोरगी असेल, तर फोन करू नका. फोनवर ती बरीच असते. वर जा. दार वाजवा. ती स्वतः उठून उघडते का, तेवढं बघा.