कोऱ्या नळीतली दुसरी रेघ

मॅडम बसत नव्हत्या. एरवी एकदा टेबलाशी बसल्या की चहा गार होऊन त्यावर साय धरायची, तरी उठायच्या नाहीत. आता तीन आठवडे त्या उभ्याच होत्या. खिडकीपासून बेसिनपर्यंत अकरा पावलं, परत अकरा. बेसिन माझं, त्यामुळे पावलं मोजायचं काम आपसूक माझ्याकडे आलं होतं.

त्या प्रयोगशाळेत मी बाटल्या धुवायचे. बाटल्या, नळ्या, तबकं आणि गाळायची कापडं. सगळे मला मावशी म्हणत. मॅडमही म्हणत, जरी वयाने त्या माझ्याहून फार लहान नव्हत्या.

त्यांचं काम मला त्यांनीच समजावलं होतं. मांस आखडतं आणि सैल पडतं ते त्यातल्या एका प्रोटीनमुळे. ते लांबलचक असतं, दोरीसारखं. आणि एक बुरशी असते, गव्हाच्या कोंड्यावर वाढणारी, तिच्यातून एक एन्झाइम निघतं. ते ही दोरी कापतं. कापणारी एन्झाइमं पुष्कळ आहेत, पण ती दोरीचा पार भुगा करतात. मॅडमच्या बुरशीचं एन्झाइम एकाच जागी कापायचं, बाकी दोरीला धक्का लावायचं नाही. सहा वर्षं त्या याच्यामागे होत्या. त्यावरचा लेख छापायला गेला होता, आणि शुक्रवारी दुसऱ्या संस्थेतले एक म्हातारे शास्त्रज्ञ हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायला येणार होते.

बघायचं म्हणजे निळ्या रेघा बघायच्या. अख्खी दोरी असेल तर जेलवर, त्या लिबलिबीत पातळ चकतीवर, एक रेघ उमटते, कापलेली असेल तर दोन. दर वेळी मांसाच्या गाळलेल्या पाण्याच्या दोन नळ्या लावायच्या, एकीत एन्झाइम घालायचं, दुसरीत नाही. दुसरीला आम्ही कोरी नळी म्हणायचो. कोऱ्या नळीत एकच रेघ दिसायला हवी.

तीन आठवडे तिथे दोन दिसत होत्या.

"एन्झाइम घातलंच नाही, तरी कापलं जातंय," मॅडम म्हणाल्या. हे त्या रोज म्हणत. "म्हणजे मांसातच काहीतरी आहे जे कापतंय. म्हणजे बुरशीचा काही संबंधच नाही. सहा वर्षं मी भलत्याचंच कौतुक करत बसले."

"पण आधी एकच यायची ना, मॅडम," धाकटी म्हणाली. धाकटी म्हणजे त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी मुलगी. मुलगी कसली, तिशी उलटलेली बाई, पण तिथे सर्वांत लहान ती, म्हणून धाकटी.

"आधी आपलं नशीब चांगलं असेल. त्यावर कोणी लेख छापत नाही."

त्यांच्या टेबलाच्या खणात एक पत्र लिहून ठेवलेलं होतं. लेख मागे घेत असल्याचं. धाकटीने मला सांगितलं होतं, आणि हेही, की लेख गेला तर तिची पदवीही लांबणार. पत्रावर फक्त सही राहिली होती.

मंगळवारी सकाळी आमच्या घरी सून ओटा पुसत होती. तिने फडकं नाकाशी नेलं आणि लांब धरलं.

"आई, हे कुठे वाळवलं होतंत?"

"कपाटामागे. गिझरच्या पाइपापाशी. पटकन वाळतं तिथे."

"वाळलंय, पण कुबट मारतंय. नुसतं वाळलं म्हणजे स्वच्छ झालं का?"

"मग तू वाळव आजपासून," मी म्हटलं आणि बाहेर पडले. पण अर्ध्या रस्त्यात मला प्रयोगशाळेतली मलमल आठवली. चौकात सिग्नल हिरवा झाला तरी मी तिथेच उभी, मागचा माणूस म्हणाला, "आजी, जाताय की इथेच राहताय?"

त्याचं असं. मांस दळून खारट पाण्यात कालवलं की ते चार पदरी मलमलीतून गाळायचं. ती मलमल मी धुवायची. साबण अजिबात नको, नुसतं पाणी, सात वेळा. मग काच सुकवायच्या ओव्हनमध्ये रात्रभर. ओव्हन इतकं तापायचं की सकाळी कापड काढताना बोटं भाजायची. ते ओव्हन बंद पडलं. भाग मागवला होता, तो काही येईना. काच काय, जाळीवर वाळते. पण कापड बेसिनपाशी दोन दिवस ओलंच राहायचं आणि मॅडमना ते दर दिवसाआड हवं असायचं. म्हणून मी जागा शोधून काढली. बुरशीची खोली. कोंड्याची तबकं तिथे उबेला ठेवलेली असायची, आत पंखा फिरायचा. दारावर पाटी होती, बाहेरचं काही आत नेऊ नये. मला वाटलं, मी धुतलेलं कापड म्हणजे बाहेरचं थोडंच. दोन तासांत कडकडीत वाळायचं. मी स्वतःवर खूश होते.

पोहोचल्यावर आधी त्या खोलीत गेले. कापड उजेडात धरलं. वरून पांढरं शुभ्र. पण कडेच्या शिवणीत पिवळसर ठिपके होते, मोहरीहून बारीक. बोट फिरवलं तर बोटाला पूड लागली. कोंड्याच्या तबकावरच्या बुरशीची असते तीच. मी कापड घडी करून कोटाच्या खिशात घातलं आणि सांगायला निघाले.

प्रयोगशाळेत खाटीक आलेला होता. तोच दर खेपेला मांस आणायचा, बकऱ्याच्या मांडीचं, स्टीलच्या डब्यात बर्फ घालून. मॅडम त्याच्यासमोर उभ्या होत्या.

"दादा, कापल्यापासून बर्फात टाकेपर्यंत किती वेळ?"

"बारा मिनिटं. तुमच्यासाठी मनगटावर घड्याळ बांधलंय, मॅडम. बायको म्हणते, लग्नात सासऱ्याने दिलं तेव्हा घातलं नाहीत."

"चेष्टा नको. उन्हात राहिलं होतं का? कधी उशीर झाला असेल, तुम्ही सांगितलं नसेल."

"बर्फ आधी, मांस नंतर. तुम्हीच शिकवलंत, मी तस्संच करतो."

"मग हे कुठून येतंय? जनावर आजारी होतं का? शिळं होतं का? काहीतरी आहेच. उद्यापासून तुम्ही आणू नका. मी दुसरीकडून मागवते."

खाटकाने डब्याचं झाकण लावलं. "मांस माझं, यंत्रं तुमची, आणि चोर मी," तो म्हणाला. "असू दे. डबा मावशींकडे ठेवा, नंतर नेईन."

डबा माझ्या हातात देऊन तो गेला. माझा दुसरा हात खिशातल्या कापडावर होता. मी काही बोलले नाही.

का, ते सांगते. मला निवृत्त व्हायला तीन महिने राहिले होते. एकोणतीस वर्षांत एक बाटली माझ्या हातून खराब निघाली नव्हती, असं मॅडम येईल त्याला सांगायच्या. तेवढीच माझी कमाई. दिवसभर मी त्याच त्या नळ्या घासत राहिले. घरी घास गिळवेना. सून म्हणाली, "फडक्यावरून बोलले म्हणून रुसलात का?" म्हटलं, "नाही गं, तू बोललीस ते बरंच झालं." झोप नावालाच लागली. पुनःपुन्हा खाटकाचं ते घड्याळ डोळ्यांपुढे यायचं.

बुधवारी मी आठच्या आधी पोहोचले. मॅडम आलेल्याच होत्या. खण उघडा, पत्र टेबलावर, हातातलं पेन टिकटिक करत होतं.

मी कापड पत्रावर ठेवलं.

"हे काय?"

"कापतंय ते हे," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर पुढे तोंड उघडलं नसतं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कापड उजेडात धरलं, शिवण बघितली, वास घेतला. धाकटी दारात पर्स खांद्याला लावून तशीच उभी होती.

"कधीपासून?" मॅडमनी विचारलं.

"ओव्हन बंद पडलं तेव्हापासून."

"ते कधी, मावशी? अंदाजे नको. एक दिवस इकडचा तिकडे झाला तर सहा वर्षांतलं काहीच खरं मानता येणार नाही."

मी बोटांवर मोजायला लागले. महिन्याभरापूर्वी? पाऊण महिना? दिवस सगळे सारखेच. मग आठवलं. मी धुण्याच्या खोलीत धावले, या वयात जेवढं धावता येतं तेवढं, आणि ओव्हनच्या दारावरचा कागद सोलून आणला. मीच चिकटवला होता. बंद आहे, हात लावू नये, १४ तारीख. तेव्हा धाकटीने चेष्टा केली होती, मावशी, तुमचं अक्षर अजून रांगतंय, चालायला कधी लागणार? आता तिने तो कागद दोन्ही हातांनी घेतला आणि वही उघडली.

"अकरा तारीख, कोरी नळी, एक रेघ. तेरा, एक." तिने पान उलटलं. "सोळा, दोन."

मॅडमनी वही स्वतःकडे ओढली.

"हा पुरावा नाही," मॅडम म्हणाल्या. "करून बघायला हवं. नवं कापड, हे कापड, आणि कापडच नाही. तीन कोऱ्या नळ्या. ताजं मांस लागेल, आत्ता." मग त्यांचा चेहरा पडला. "आणि त्या माणसाला मी काल हाकललं."

"मी जाते," मी म्हटलं. "डबा द्यायचाच आहे."

खाटीक दुकानात ओंडका खरवडत होता. मी सांगितलं, चूक माझी होती, तुमची नव्हती. त्याने सुरा पुसला.

"मग काल गप्प का होतात?"

"भ्याले."

"मावशी, रोज सुरे हातात घेऊन उभा असतो मी, तरी तुमच्या मॅडमपुढे माझेही पाय लटपटतात," तो म्हणाला. "थांबा. एक बकरा कापायचाच आहे आता. अकरा मिनिटांत देतो, त्यांना म्हणावं घड्याळ लावून बसा."

मांस दळलं, कालवलं, गाळलं. नव्या ताग्यातलं कापड धाकटीने स्वतः फाडलं, मला हात लावू दिला नाही. मला लागलं ते, पण बरोबरच होतं. तीन नळ्या रात्रभर कोल्ड रूममध्ये राहिल्या. गुरुवारी दुपारी जेल निळ्या पाण्यातून काढून दिव्याच्या काचेवर ठेवलं.

कापड नाही, तिथे एक रेघ. नवं कापड, एक. माझं कापड, दोन. स्वच्छ, वेगवेगळ्या, एन्झाइम घातल्यावर उमटतात अगदी तशा.

धाकटी खाली बसली ती सरळ फरशीवर. मॅडमनी खणातलं पत्र काढलं, फाडलं नाही, त्यावर काट मारून मागच्या बाजूला नवं लिहायला घेतलं. लेख राहू द्यावा, चौदा तारखेनंतरचे आकडे मात्र कुठेच धरू नयेत, कारण अमुक. माझा कागद त्यांनी वहीत सोळा तारखेच्या पानावर डिंकाने चिकटवला.

"उद्या पाहुण्यांना हेही दाखवणार?" मी विचारलं.

"आधी हेच दाखवणार."

"माझं नाव?"

"कागदावर अक्षर तुमचंच आहे. ते विचारतीलच. तुम्ही सांगा."

मी होकारार्थी मान हलवली. मॅडम मात्र आता तरी बसतील असं वाटलं होतं, त्या बसल्या नाहीत. जेलपाशी गेल्या, परत आल्या. खिडकीपाशी गेल्या.

"धाकटे, कोल्ड रूम किती अंशांवर आहे?"

"दोन, मॅडम."

"आपलं एन्झाइम थंडीत काम करत नाही, असं आपण पहिल्याच पानावर लिहिलंय."

धाकटी फरशीवरून हळूहळू उठली.

"एवढीशी पूड," मॅडम म्हणाल्या, "आणि दोन अंशांवरही कापते." अकरा पावलं. परत अकरा. या वेळी मी मोजताना मध्येच चुकले, कारण त्या बेसिनपाशी येऊन माझ्यासमोर थांबल्या. कालचं ते ठिपक्यांचं कापड माझ्या हातात होतं, नळ मी नुकताच सोडला होता.

"धुतलंत?"

"नाही अजून."

"धुऊ नका," त्यांनी नळ बंद केला. "द्या इकडे."