कामगार संख्या: एक

माझ्या बायकोच्या भाकरीची कुणी तारीफ केली की माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला नवल वाटायला नको. भाकरीबद्दल माझी काही तक्रार नाही. ज्वारीची, पातळ थापलेली, तव्यावरून उतरवून मंद आचेवर कडक केलेली अशी ती भाकरी महिनाभर टिकते. आमटीत चुरून खा, नाहीतर चटणीबरोबर कोरडी मोडून खा. माझी तक्रार तारिफेबद्दल आहे. ती सगळी रंगूच्या वाट्याला जाते आणि मी शेजारी नुसता उभा असतो.

जामखेडपासून दहा-बारा किलोमीटरवर आमचं गाव. पंधरा वर्षं मी ऊसतोडीचा मुकादम होतो. दिवाळी झाली की वीस कोयते, म्हणजे वीस जोडपी, ट्रकमध्ये घालून प्रवरेच्या बाजूला न्यायची आणि कोल्हारच्या आसपास फडात उतरवायची. गावात परत आलो की पारावरची माणसं सरकून जागा द्यायची. मग कमरेचा मणका गेला आणि मुकादमकीही गेली. आता पारावर जागा आपण आपलीच शोधायची. परवा तर एका पोरानं पाहुण्याला माझी ओळख करून दिली, "हे रंगुबाईचे नवरे." पाहुणा लगेच म्हणाला, "भाकरीवाल्या रंगुबाई का?" मी चहा अर्धा टाकून उठलो.

फडावर न्यायला रंगू ज्या भाकरी करायची, त्याच आता घरी करून विकते. गावातली पोरं पुण्याला नेतात, मास्तर लोक सुट्टीला जाताना नेतात. असाच एक पुडा नगरच्या आप्पासाहेबांपर्यंत पोचला. त्यांचं किराण्याचं मोठं दुकान आहे. त्यांचा फोन आला तो माझ्या मोबाईलवर. मी नाव सांगितलं, बोला म्हटलं, तर म्हणाले, ताईंना द्या जरा. दर आठवड्याला पाचशे भाकरी घ्यायला ते तयार होते. फक्त पुड्यावर अन्न परवान्याचा नंबर पाहिजे, त्याशिवाय दुकानात माल लावता येत नाही, आणि तोही महिन्याभरात, नाहीतर ते दुसरीकडं बघणार होते. रंगूनं फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता की माझ्याशी लग्न झालं त्या दिवशीही इतका फुललेला मी पाहिला नाही. तेही मला लागलंच.

परवान्याचा अर्ज ऑनलाईन करायचा असतो. चौकात कानिफनाथचं सेवा केंद्र आहे, तो भरून देतो. रंगूचा त्या दिवशी दोनशे भाकरीचा घाणा होता, म्हणून तिनं आपलं आधार कार्ड आणि फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडं दिला आणि तेवढं काम करून या म्हणाली.

कानिफनाथनं पोर्टल उघडलं आणि विचारलं, "अर्जदाराचं नाव काय टाकू, मुकादम?"

त्यानं मुकादम म्हटलं. वर्षभरात मला कुणी मुकादम म्हटलं नव्हतं. रंगूची पिशवी माझ्या हातात होती आणि माझं आधार कार्ड खिशात होतं. कोयत्याच्या यादीत नेहमी नवऱ्याचंच नाव असतं. तोडतात दोघं, मोळ्या बांधते ती, डोक्यावरून वाहते ती, पण यादीत गडी एकटाच. पंधरा वर्षं मी तशाच याद्या केल्या आणि कुण्या बाईनं त्याबद्दल मला कधी विचारलं नाही. तेव्हा नाव माझं लागलं तर त्यात वावगं काय, असं मी नंतर स्वतःला पुष्कळ समजावलं. पण खरं सांगायचं तर त्या घटकेला माझ्या डोक्यात याद्याबिद्या काही नव्हत्या. परवान्यावर फोटो असतो, तो रंगूचा लागेल, आणि तो कागद आपल्याच घराच्या भिंतीवर रोज बघावा लागेल, एवढंच होतं.

"माझंच टाक," मी म्हणालो.

कानिफनाथनं एकदा माझ्याकडं बघितलं, पण टाकलं. माझ्या मोबाईलवर ओटीपी आला, तो मी ऐटीत वाचून दाखवला. माझा फोटो त्यानं तिथंच भिंतीपाशी उभं करून काढला. मग त्यानं कामगार संख्या विचारली. मी एक म्हणालो आणि त्यानं एक लिहिलं.

घरी येऊन मी रंगूला सांगितलं की गॅस, लाईट, घरपट्टी सगळं माझ्याच नावावर आहे, म्हणून हेही माझ्याच नावानं केलं, तसंच सोपं पडतं. तिनं पिठाचे हात पदराला पुसले, पिशवीतून आपला फोटो काढला, थोडा वेळ बघितला आणि पत्र्याच्या डब्यात ठेवून दिला. पुन्हा थापायला बसली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी कधी हरत नाही.

आठवड्यानं तपासणीला मॅडम आल्या. वयानं तिशीच्या असतील, हातात फाईल. मी इस्त्रीचा शर्ट घालून दारातच उभा होतो. त्यांनी पाणी कुठलं वापरता विचारलं. मी बोअरचं म्हणालो. रंगू आतून म्हणाली की बोअरचं भांड्याला, पिठाला नळाचं गाळून. त्यांनी ज्वारी कुठली घेता, दळल्यावर पीठ किती दिवस ठेवता, कडक करायला किती वेळ लागतो, हे सगळं विचारलं. मी प्रत्येक वेळी तोंड उघडायचो आणि उत्तर चुलीपाशी निघायचं. शेवटी शेवटी मॅडम माझ्याकडं बघेनाशा झाल्या. त्यांनी एक भाकरी मोडून तोंडात टाकली, डोळे मोठे केले आणि रंगूलाच म्हणाल्या की माझी आई अशी करायची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझ्या घरात, माझ्या अर्जावर, आणि तारीफ पुन्हा तिचीच.

मग मॅडमनी फाईल बघितली आणि मला विचारलं, "व्यवसाय यांचाच दिसतोय. अर्ज तुमच्या नावानं कसा? चुकून झाला असेल तर सांगा, दुरुस्त करता येईल."

रंगूचा हात परातीत थांबला. तिनं मान वर केली नाही, पण ती ऐकत होती. एक शब्द पुरला असता. चुकलं म्हणायचं, आणि सगळं जागच्या जागी बसलं असतं. पण मॅडमच्या ओठाला अजून भाकरीचा कण लागलेला होता.

"चुकून न्हाई, मॅडम. धंदा माझा हाय," मी म्हणालो.

"मग या कोण?"

"कामाला हाय ती. अर्जात लिवलंय बघा, कामगार एक."

मॅडमना खरं वाटलं असेल असं नाही. एकाच दोरीवर आमचे कपडे वाळत होते. त्यांनी रंगूकडं वळून विचारलं, पगार किती मिळतो?

रंगू म्हणाली, "अजून ठरला न्हाई."

तिचा आवाज चढलेला नव्हता. मॅडमनी स्वच्छतेच्या चार सूचना सांगितल्या, डोक्याला टोपी घालायला सांगितलं आणि त्या गेल्या. चार दिवसांनी परवाना मोबाईलवर आला. चौदा आकडी नंबर, वर माझं नाव गहिनीनाथ, बाजूला माझा फोटो. मी रंगीत प्रिंट काढून लॅमिनेशन केलं आणि चुलीच्या बरोबर समोर, दिवसभर दिसेल असं टांगलं. पारावर जाऊन चार जणांना दाखवलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगूनं माझ्यापुरत्या दोन भाकरी केल्या, झाकून ठेवल्या आणि परात, उलथनं, पोळपाट एका चादरीत बांधलं. मी म्हणालो, अगं शनिवारी पाचशे द्यायच्यात.

ती म्हणाली, "कामाला दुसरं कुनी बघा. मी सोडलं काम."

आणि ती गेली, ती कुठं लांब नाही, मधली भिंत ओलांडून माझ्या भावाच्या घरी. हनुमंत माझा धाकटा भाऊ. त्याचा टेम्पो आहे, त्याची बायको धनश्री बारावी शिकलेली आहे, आणि त्याचं घर आमच्यापेक्षा एक खोली मोठं आहे. लहानपणापासून आईनं त्याला साय दिली आणि मला ताक. बाकी कुठंही गेली असती तरी मी सोसलं असतं. रात्रीला ती घरी यायची, स्वयंपाक करायची, वाढायची, तोंड वाकडं नसायचं. सकाळ झाली की पुन्हा भिंतीपलीकडं.

मी गावातल्या भागूबाईला बोलावली. तिच्या भाकरी जेवायला ठीक, पण कडक करायला गेलं की कडा करपायच्या आणि मधे ओल राहायची. मी स्वतः एक दिवस थापायला बसलो. त्याबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही. जे झालं ते शेळीनंही हुंगून सोडून दिलं. शनिवारी मी आप्पासाहेबांना तीसेक भाकरी पाठवल्या, त्या त्यांनी तशाच परत केल्या आणि फोनवर म्हणाले की नंबर आहे, ते बरं झालं, पण भाकरी कुठाय?

भिंतीपलीकडून मात्र भाजल्या ज्वारीचा वास यायचा. धनश्रीचं हसणं यायचं. हनुमंत म्हणायचा, वयनी, ही एक मोडलेली मी खाऊ का? खात होता लेकाचा. दिवसातून दहा वेळा मी परसात जायचो, कधी लाकडं रचायला, कधी रचलेली लाकडं उपसायला.

एकदा न राहवून कानिफनाथकडं गेलो. त्यानं फार ताणलं नाही. रंगूचा अर्ज भरलाय म्हणाला, पत्ता हनुमंताच्या घरचा, धनश्रीनं सगळं मोबाईलवर वाचून घेतलं. त्यानं स्क्रीन माझ्याकडं फिरवली. फोटो नवा होता. रंगू एकटी जामखेडला जाऊन काढून आली होती, मला पत्ताही नव्हता. हिरवं लुगडं, केस नीट, आणि सरळ समोर बघत होती. आमचा दोघांचा एकच फोटो आहे, लग्नातला, त्यात ती जमिनीकडं बघतेय. माझ्याकडं किंवा माझ्यासाठी तिनं कधी असं सरळ बघितलं नाही. मला त्या कॅमेऱ्याचा राग आला. वय पन्नाशीला आलेल्या माणसानं सांगावं असं हे नाही, पण आला खरा.

त्या संध्याकाळी जेवताना तीच म्हणाली, "मॅडम परवा येनार हायत. अर्जात कामगार दोन लिवल्यात. एक धनश्री."

"दुसरा कोन?"

"ठरायचंय. पुडं बांधायला, माल मोजून द्यायला, नगरला न्यायला मानूस पायजे. भावजींना इचारलं, ते व्हय म्हनले."

हनुमंत रोज रंगूच्या पुढ्यात बसून पुडे बांधणार, मोडक्या भाकरी खाणार, नगरला आप्पासाहेबांच्या दुकानात तिच्या नावानं बोलणार. माझा अभिमान, मुकादमकी, भिंतीवरचा कागद, सगळं एका बाजूला राहिलं.

"त्याला कशाला? मी येतो," मी म्हणालो.

तिनं माझ्या ताटात आमटी वाढली. "परवाना माझ्या नावाचा ऱ्हाईल."

"ऱ्हाऊ दे."

"सकाळी सहाला यावं लागंल."

मी साडेपाचलाच जाऊन बसलो. हनुमंत पावणेसहाला डोळे चोळत आला, मला बघून हसला आणि पुन्हा झोपायला गेला. तेवढ्यानं मला बरं वाटलं.

ठरल्या दिवशी मॅडम आल्या. आत आल्या आल्या त्यांनी मला ओळखलं. मी डोक्याला कापडी टोपी घालून, मांडीवर पुड्यांचा ढीग घेऊन बसलो होतो. कुठं तोंड लपवावं कळेना. त्यांनी पाणी बघितलं, पीठ बघितलं, धनश्रीची चौकशी केली. मग माझ्याकडं बोट करून त्यांनी रंगूला विचारलं, "आणि हे कोण?"

मी मान खाली घातली. आता माझी पाळी, हे मला कळत होतं. तीच मॅडम, तोच प्रश्न, आणि उत्तर मीच तिला शिकवून ठेवलेलं. अर्जात तसं लिहिलेलंही होतं. तिनं ते म्हटलं असतं तर जगात कुणी तिला चूक ठरवलं नसतं. खरं तर मी वाटच बघत होतो. एकदा म्हणाली की फिटंफाट होईल, आणि मला पुन्हा सुखानं जळफळायला मोकळीक मिळेल.

रंगूनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "हे माझं मालक हायत, मॅडम. वीस वर्सं झाली लग्नाला."

मॅडमनी मान हलवली आणि पुढचा रकाना भरायला घेतला. रंगू पुन्हा भाकरीकडं वळली. तिला ते म्हणायला काहीच जड गेलं नव्हतं, जरासुद्धा अडखळली नव्हती. आजवर तिच्या हाताचा, तिच्या नावाचा, तिच्या फोटोचा मी हेवा केला, पण त्या सकाळी तिच्या त्या एका वाक्याचा मला जेवढा हेवा वाटला तेवढा कशाचाच वाटला नव्हता. मी दहा भाकरी मोजून पुड्यात घातल्या, आणि त्या मोजताना दोनदा चुकलो.