मी म्हणाले तसं सांग

हॉटेलच्या धुलाईघरात दोन जावा कामाला होत्या. थोरली चादरींना इस्त्री करायच्या मोठ्या मशीनवर. धाकटीला घरची आणि साहेबांची अशा दोन्ही भाषा यायच्या, म्हणून ती लवकरच देखरेखीवर गेली होती. बायकांना वर काही सांगायचं असलं की ते तिच्यामार्फतच जायचं.

हात तापलेल्या भागाला लागू नये म्हणून मशीनला असलेली जाळी तुटली होती. बायकांनी धाकटीच्या कानावर ते वारंवार घातलं. पण कटकट नको, उगाच आपलं नाव खराब व्हायचं, म्हणून तिने ते पुढे कळवलंच नाही. शेवटी थोरलीचा तळहात भाजला.

साहेबांनी दोघींना केबिनमध्ये बोलावून काय झालं ते विचारलं. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून थोरलीने शांतपणे सगळं सांगितलं: जाळी केव्हापासून तुटलीय, आणखी कुणाकुणाला चटके बसले, दुरुस्ती होईपर्यंत मशीन बंद ठेवा. धाकटीने घसा खाकरला आणि साहेबांना म्हणाली, "हात घसरला म्हणतात. त्यांचीच चूक झाली."

साहेबांनी मान डोलावली. मलम देतो म्हणाले.

साहेबांच्या भाषेतले थोरलीला जेमतेम चार शब्द कळायचे. त्यातला 'चूक' चांगलाच ओळखीचा. दिवसभर तोच तर कानावर पडायचा. ती जागची हलली नाही.

"मी एवढं बोलले आणि तू दोन शब्दांत उरकलंस?" ती जावेला म्हणाली. "आणि चूक कुणाची म्हणालीस?"

धाकटीचा चेहरा उतरला. "जाऊबाई, घरी बोलू."

"घरी नाही. मी म्हणाले तसं सांग. मी बसलेय."

साहेब आळीपाळीने दोघींकडे बघत होते. टेबलाच्या कडेवर नजर ठेवून धाकटीने सगळं सांगितलं. बायकांनी आपल्याला आधीच बजावलं होतं, हेही.

मशीन लगेच बंद झालं. पुढच्या बैठकीला बायकांनी बाहेरची दुभाषी मागितली आणि ती मिळालीही. धाकटी मागच्या खुर्चीवर बसून राहिली. समोर एक परकी बाई थोरलीचं वाक्य न् वाक्य साहेबांपर्यंत पोचवत होती. धाकटीला कुणी टोचून बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

संध्याकाळी घरी थोरली फणी घेऊन तिच्यापुढे येऊन बसली. एका हाताने वेणी घालता येत नव्हती. धाकटीने केस हातात घेतले.

"जाऊबाई, मी..." पुढचं तिला कुठल्याच भाषेत जमेना.

"घट्ट घाल," थोरली म्हणाली. "सकाळी लवकर निघायचंय."