सीलबंद शीळ

दुकानाच्या काचेमागे, चार्जरच्या गुंत्याच्या वरच्या फळीवर तो खोका पहिल्यांदा दिसला, तेव्हा ती नुसतीच थबकली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम तिकडून गेली. त्यानंतर मात्र सरळ आत शिरली आणि खोका उलटा करून तळाचे बारीक आकडे वाचू लागली. दुकानदाराला राहवलं नाही.

“ताई, तो नका घेऊ,” तो म्हणाला. “त्याची सिस्टिमच बंद पडलीय. कंपनीने कधीच हात झटकले. आता त्यात ना काही नवं टाकता येत, ना कुठला मेसेज येत.”

“माहीत आहे मला. बंद पडली तेव्हा मी तिथेच होते.”

दुकानदाराने तिला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. आपलाच माल घेऊ नका म्हणून गिऱ्हाइकाच्या विनवण्या करायच्या आणि गिऱ्हाइकाने हटूनच बसायचं, हा प्रकार त्याला नवा असावा.

तिथे होते म्हणजे ती खरोखरच तिथे होती. फोन बाजारात जायच्या आधी त्यातल्या चुका शोधणं हे तिचं काम. दिवसभर ती बटणं दाबायची, घड्याळं पुढेमागे करायची, आणि इतरांनी रात्रंदिवस खपून केलेल्या कामात खोट काढून मोकळी व्हायची. लोक तिच्यावर खार खाऊन असत. तिचं नावच पडलं होतं खुसपट. ते ठेवलं होतं पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने आणि म्हणूनच ते तिला आवडायचं.

तो फोनमधले आवाज करायचा. कॉलची घंटा, मेसेजची टिचकी, बॅटरी संपत आल्याची कुरकुर, सगळं त्याचं. स्वतः सदानकदा शीळ घालत बसायचा, म्हणून सगळे त्याला शीळकर म्हणत. खरं आडनाव हजेरीपुरतं उरलं होतं. गजरासाठी चांगली घंटा मिळेपर्यंत जागा रिकामी नको, म्हणून त्याने स्वतःचीच शीळ तिथे तात्पुरती टाकून ठेवली. पुढे घंटा आणायची तो विसरला, किंवा विसरल्यासारखं केलं. कच्चा माल पक्क्या फोनमध्ये जातोय हे ओरडून सांगायचं काम खुसपटचं.

यादीत गजरापुढे ‘शीळ, तात्पुरती’ असं वाचूनही ती ओरडली नाही. गजर वाजवून बघितला तर आजूबाजूच्या कुणाच्या तरी कानावर जाईल, कुणीतरी म्हणेल हे काय भलतंच, म्हणून तिने तो न वाजवताच पुढे ‘ठीक’ अशी खूण केली. अख्ख्या नोकरीत न तपासता केलेली ती एकमेव खूण. एवढ्यावरून काय ते समजायला हवं होतं, पण समजून घेणार कोण? त्याच्यावर तिचा जीव जडला होता आणि हे त्याला सांगायची तिची छाती होत नव्हती. इतरांच्या चुका बेधडक तोंडावर सांगणारी बाई स्वतःच्या मनातलं सांगायची वेळ आली की पाणी प्यायला उठायची.

फोन दुकानांत गेले, आणि थोड्याच दिवसांत वरच्या कुणाला तरी तो गजर खटकला. अपडेट आलं, शीळ गेली, घंटा आली. तिने हौसेने स्वतःसाठी फोन घेतला तोवर त्यातही घंटाच होती. मग सगळंच बंद पडलं. तपासणीचे फोन पेटीत भरून परत गेले. शेवटच्या दिवशी, सगळे कागदी कप हातात धरून उभे असताना, शीळकर तिच्याजवळ आला आणि म्हणाला, “मग? तुला काहीच सापडलं नाही?”

तिला वाटलं, कामाचंच विचारतोय. “नाही,” ती म्हणाली. “सगळं ठीक आहे.”

“बरं,” तो म्हणाला. दुसऱ्याच महिन्यात तो परदेशी गेला. तेव्हापासून ती कुणाचीही शीळ ऐकली की वळून बघते. ही सवय काही केल्या सुटत नाही.

आता ती कपडे धुण्याच्या यंत्रांची बटणं तपासते आणि धाकट्या बहिणीबरोबर राहते. धाकटीने खोक्याची हकिकत ऐकली आणि चहाचा कप खालीच ठेवला.

“अगं, त्यात नकाशा उघडणार नाही, बँक उघडणार नाही. घेऊन करणार काय? त्याने दार अडवणार?”

“नुसता असू दे म्हणून.”

“नुसतं असायला घरात आपण दोघी आहोत ना!”

बोलण्यात धाकटीचा हात कुणी धरू शकत नाही. शीळकरविषयी मात्र तिला काही ठाऊक नव्हतं. सांगण्यासारखं घडलं तरी काय होतं?

धाकटीच्या टोमण्यांची तिला पर्वा नव्हती. भीती होती ती वेगळीच. तळाच्या आकड्यांवरून तिने केव्हाच ओळखलं होतं की हा अगदी पहिल्या खेपेचा फोन आहे. सील तसंच, म्हणजे अपडेट नाही, म्हणजे आत शीळ आहे. पण इतकी वर्षं मनातल्या मनात ऐकून तिने ती थोडी सुरेल करून ठेवली असली तर? खोका उघडायचा आणि आतून निघायची कुण्या माणसाची साधी, धाप लागलेली शीळ. मग आठवणीतलीही जायची. आहे ते बरं आहे, असं स्वतःला बजावून ती दोन-तीन दिवस दुसऱ्या रस्त्याने गेली.

मग न राहवून पुन्हा गेली, तर खोका फळीवर नव्हता. वरचा तो फोन कुठे गेला, तिने विचारलं.

“तो होय?” दुकानदाराने पायाजवळच्या पोत्याकडे बोट दाखवलं. “भंगारात चाललाय. उद्या गाडी येईल. सुटे भाग काढून घेतील, बाकीचं वितळवतील.”

“काढा तो बाहेर,” ती म्हणाली. बेसूर तर बेसूर, पण त्याची होती. “मी घेतेय.”

“एकदा सील फोडलं की परत घेणार नाही हं.”

“फोडा.”

बॅटरी पार मेलेली होती. दुकानदाराने वायर लावली आणि दोघं त्या काळ्या काचेकडे बघत बसली. बऱ्याच वेळाने लाल रेघ आली, मग रंगीत चौकोन. तिची बोटं काही न विचारता घड्याळापर्यंत पोचली. पुढच्याच मिनिटाचा गजर लावून तिने फोन काउंटरवर ठेवला.

शीळ वाजली.

ती सुरेल नव्हती. मधे एकदा घसरली, एकदा श्वास चुकला. तिला अगदी तशीच हवी होती. पलीकडच्या टेबलावरून यायची तशीच. तिने गजर बंद केला नाही. गजर कुणी शेवटपर्यंत ऐकतं का? हिने ऐकला. शीळ संपली, क्षणभर काहीच नव्हतं, आणि मग अगदी जवळून, दबक्या आवाजात तो बोलला.

“खुसपट, हे तुला सापडणार, मला माहीत आहे. बाकी कुणी इथवर ऐकणारच नाही. सापडलं की वर कळवू नकोस. मला येऊन सांग. मी वाट बघतोय.”

आणि शीळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

तो थांबला होता. ती शोधेल म्हणून तो रोज पलीकडे बसून थांबला होता आणि त्याची शीळ वाचावी म्हणून हिने ती वाजवलीच नव्हती. तिला रडू फुटलं. तिने ते आवरलं नाही.

दुकानदार गडबडला. “अहो, हे मधेच काय बोलतोय? खराब पीस दिसतोय. राहू द्या ताई, मी पैसे परत देतो.”

“नको. चालू राहू दे.”

“पण याचा तुम्हाला उपयोग काय?”

“मला एकाला सांगायचंय,” ती म्हणाली. “सापडलं म्हणून.”

“मग सांगा की! यावरून नाही लागायचा. हा घ्या, माझ्यावरून करा.” त्याने खिशातला आपला फोन तिच्यापुढे धरला.

तिने तो घेतला, डोळे पुसले, आकड्यांवर बोट नेलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की त्याचा नंबर तिच्याकडे कधी नव्हताच. घ्यायची गरजच पडली नव्हती. तो रोज पलीकडच्याच टेबलाशी असायचा.