आधीच्याची ओळ

टायपिस्टने फाइल पुन्हा ताईंच्या टेबलावर सरकवली. चूक झाली, एवढं त्याला मान्य होतं. ती आपली, हे मात्र नव्हतं. कोर्टाच्या दुरुस्ती विभागात ताईंची उभी हयात असल्या मान्य-अमान्यात गेली होती.

टायपिस्टची पद्धतच तशी. तुरुंगाला पाठवायचं नवं वॉरंट करायचं तर आधीच्या कैद्याचं उघडायचं, नाव-गाव बदलायचं, बाकी राहू द्यायचं. निकालात न्यायाधीशांनी स्वच्छ लिहिलं होतं, दोन्ही शिक्षा एकदमच भोगायच्या. वॉरंटवर मात्र आधीच्याची ओळ तशीच राहिली: एक संपल्यावर दुसरी. मागच्या वर्षीच सुटायला हवा होता तो मुलगा अजून आतच होता, आणि त्याची आई बाहेरच्या बाकावर.

"अहो, माणूस अडकलाय तिथं," ताई म्हणाल्या.

"मग मी काय करू? आलं ते टाइप केलं."

हेडक्लार्क म्हणाले, वकिलाचा अर्ज हवा. वकील फोन उचलेना. तुरुंगातल्या बाबूने ऐकवलं की वॉरंटवर असेल तेच खरं, निकाल वाचणं त्यांचं काम नाही. एकेकाच्या दारात तेच पुराण सांगून ताईंच्या तोंडाला फेस आला. त्यांनी आयुष्यात कुणाला उलट उत्तर दिलं नव्हतं. आज जिभेच्या टोकावर आलेलं कसंबसं गिळलं, आणि फाइल उचलून सरळ न्यायाधीशांच्या दालनात शिरल्या.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. मग दुरुस्तीच्या आदेशावर सही केली.

"मला डावलून गेलात," हेडक्लार्क फुरंगटले.

"हो," म्हणत ताईंनी त्यांच्याच टेबलावरचा शिक्का उचलून कागदावर मारला. आदेश तुरुंगात पोचल्याची खात्री करूनच त्यांनी मुलाच्या आईला आत बोलावलं.

"उद्या सकाळी सोडतील, मावशी."

मावशी खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि म्हणाल्या, "काय लिहिलंय ते वाच गं बाई."

ताई वाचू लागल्या. मुलाचं नाव, खटला, शिक्षा एकत्रच भोगायच्या. त्याखाली विभागाचा कायमचा छापील मजकूर होता: 'नजरचुकीने राहिलेली किरकोळ त्रुटी दुरुस्त करण्यात येत आहे.' ताई 'राहिलेली'पर्यंत आल्या आणि 'किरकोळ'पाशी थांबल्या.

"पुढं?"

"पुढं साहेबांची सही आहे, मावशी."