सारी-चेलेकचा बघण्याचा कार्यक्रम

बुरुलने आम्हाला एवढंच सांगितलं होतं की सारी-चेलेकला जायचं, तंबूत राहायचं, तळं बघायचं, खायचं-प्यायचं आणि परत यायचं. आम्ही तिघी ओशच्या एकाच शाळेतल्या, आता पन्नाशी ओलांडलेल्या. बुरुल शाळांचे गणवेश शिवते, असिलकान दवाखान्यात नर्स आहे आणि मी, सैदे, ग्रंथालयात. बुरुलचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. गाडी असिलकानच्या नवऱ्याची, पण चालवत ती होती. वाटेत ताश-कुमिरला कलिंगड घेतलं. पुढच्या वळणांवर ते मागे माझ्या पायाशी गडगडत राहिलं.

नदीकाठी अक्रोडांच्या सावलीत जागा मिळाली. तंबू असिलकानच्या मुलाचा होता आणि तो उभा करणं तिघींपैकी एकीलाही येत नव्हतं. अर्धा तास झटापट झाल्यावर घोड्यावरून एक माणूस आला. साठीच्या आसपासचा, टोपी मागे सरकवलेली, एक मनगट मधमाशी चावून सुजलेलं. त्याने सलाम केला, काठ्या जोडल्या, दोऱ्या ताणल्या. मग खोगिराला बांधलेली मधाची बरणी सोडली आणि नेमकी बुरुलपुढे ठेवली.

"नाव काय तुमचं, अके?" थोरल्या भावाला हाक मारावी तसं असिलकानने विचारलं.

"ओर्मोन. इथेच अर्किट गावात असतो. मधमाश्या आहेत माझ्या."

"आणि आम्ही येणार हे त्यांनीच सांगितलं वाटतं?"

तो कानापर्यंत लाल झाला. संध्याकाळी जेवायला या, असं बुरुल त्याला म्हणाली. तो हो म्हणून गेला. घोडा झाडांआड जाताच असिलकानने तिला धरलं.

"बोल. कोण हा?"

"वसंतात जलाल-आबादच्या आरोग्यधामात भेटला. त्याचाही गुडघा, माझाही गुडघा. त्याची बायको वारली. लग्न करू या म्हणतोय. म्हटलं, तुम्ही बघा तरी."

"म्हणजे हा बघण्याचा कार्यक्रम आहे! अगं, आधी सांगायचंस. मी बरा रुमाल बांधला असता."

"तुला कोण बघतंय?"

संध्याकाळी आम्ही कढईत दिमदामा लावला: खाली मटण, वर बटाटे, गाजर, कांदा, सगळ्यावर कोबीची पानं. ओर्मोन गरम नान घेऊन आला. फार बोलला नाही. दोनदा वाढून घेतलं, शेवटी रस्सा नानने पुसून खाल्ला. चहा झाल्यावर कुणी न सांगता कढई उचलून नदीवर गेला आणि वाळूने घासू लागला.

"माझ्या नवऱ्याला एकतीस वर्षांत कढई कुठे ठेवतात तेही कळलेलं नाही," असिलकान हळूच म्हणाली. "हो म्हणून टाक."

"कढई घासली म्हणून लग्न करू?"

"लोक याहून कमी कारणावर करतात."

दुसऱ्या दिवशी तो आम्हाला तळ्यावर घेऊन गेला. गुडघ्यांमुळे ती दोघं मागे पडली. असिलकान आणि मी काठावरच्या खडकावर कलिंगड कापून बसलो. थोड्या वेळाने ती दोघं खालच्या बाजूला, पाण्यालगत येऊन बसली. वारा नव्हता, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. आम्हीही उठलो नाही.

"घर मोठं आहे," ओर्मोन म्हणाला. "शिलाईयंत्र खिडकीपाशी ठेवता येईल."

"घरात कोण कोण असतं?"

"मुलगा, सून, चार नातवंडं."

बुरुल म्हणाली, "अके, मी सतरा वर्षं सासूच्या घरात चूल सांभाळली. त्यानंतर नवऱ्याचं आजारपण. आता सकाळचा चहा मीच करते आणि मीच पिते. तुम्ही मला आवडता, पण मी इथे येणार नाही. तुम्हीच ओशला या."

"आणि माश्या कुणावर सोडू?"

"झालं, मोडलं," असिलकान पुटपुटली.

ओर्मोनने एक खडा पाण्यात टाकला आणि म्हणाला, "हिवाळ्यात त्यांना माझी गरज नसते. पेट्या झाकल्या की नोव्हेंबर ते मार्च मी रिकामाच."

"मग तेवढ्यापुरते या."

असिलकानला ठसका लागला. मी तिच्या पाठीवर थापट्या मारल्या.

"अशी लग्नं असतात का?" ओर्मोनने विचारलं.

"मला काय माहीत? मी एकदाच केलंय."

नोव्हेंबरात बुरुलच्या घरी निकाह झाला. माणसं आठ. तिची मुलगी मॉस्कोहून फोनवर ओरडली, "आई, लोक काय म्हणतील?" बुरुल म्हणाली, "तूच विचार आणि मला कळव." मुलगी महिनाभर बोलली नाही, मग बोलू लागली. शेजारणींनीही तोंडसुख घेतलं. ओर्मोन सकाळी आपला चहा आपण करायचा आणि दुपारी शाळेच्या स्कर्टच्या चुण्यांना इस्त्री करायचा.

मार्चमध्ये तो परत गेला. दुसऱ्याच दिवशी मी बुरुलकडे गेले. ती यंत्रावर बसली होती, रडल्यासारखी दिसत नव्हती. आठवड्याने मात्र तिचा फोन आला.

"सैदे, अर्किटला अजून बर्फ असेल का गं?"

"असेल."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या वर्षी पेट्या झाकून तो ठरल्या दिवशी आला, पुढच्याही वर्षी आला. सध्या त्यांचा तिसरा हिवाळा चालू आहे.